बायोप्सीच्या जखमेवर पांढरा थर आलाय. पू आहे का? (तोंडाची बायोप्सी झालेल्यांनी सांगा)

रंकाळावारा | शुक्रवार, रात्री ११:४०

मंडळी, तीन वर्षं नुसता वाचतोय इथं. आज लिहायला बसलो ते आरशामुळं.

मंगळवारी दुपारी डाव्या गालाची आतून बायोप्सी झाली. दोनेक महिने तिथं पांढरट चट्टा होता, दातांच्या रेषेत, आडवा. दुखत नव्हता, पण तांबड्या रश्श्याचा पहिला घोट घेतला की चुरचुरायचा. दात साफ करायला गेलो तेव्हा डॉक्टरांच्या नजरेला पडला. तिथला एक दात गालाला घासत होता, तो गुळगुळीत करून दिला आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. पंधरा दिवसांनीही चट्टा आहे तिथंच. मग म्हणाले, तुकडा काढून तपासू.

कापताना काही कळलं नाही, खोटं कशाला बोलू. सुई टोचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, छाती दोन मिनिटं धडधडली आणि मग गाल दुसऱ्याचाच असल्यासारखा झाला. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकला तो गिरक्या घेत तळाला गेला. तीन टाके घातले, काळ्या रेशमाचे. दातांत बोळा धरून मेहुण्याच्या गाडीवर मागं बसून घरी आलो. हातात एक चिठ्ठी: गोळ्या, माउथवॉश, 'मऊ आहार'. संपलं. दवाखान्याचं नाव विचारू नका, माणसं चांगली आहेत, गर्दी फार.

बधिरपणा उतरेपर्यंत गालाचा आतला भाग दोनदा चावून घेतला तो वेगळाच. रात्री ठणका. बुधवारी गाल सुजला, गुरुवारी आणखी. आज सूज थोडी कमी वाटते म्हणून मोबाईलची बॅटरी लावून आरशात पाहिलं तर जखमेवर पांढरट-पिवळा थर! तव्यावर घावनाचं पीठ वाळून चिकटतं ना, तसा. मध्ये टाक्यांची काळी टोकं. बायको म्हणाली, पू झालाय. कान साफ करायच्या काडीनं हळूच खरवडून पाहिलं, थर निघाला नाही, रक्त मात्र आलं. डॉक्टरांचा फोन आता बंद आहे.

वय ४६, साखर नाही, बीपी नाही, व्यसन नाही. हा पू आहे का? सकाळपर्यंत थांबू का सीपीआरला, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात जाऊ?

सदाशिवकर | शुक्रवार, रात्री ११:४८

ती काडी आधी कचऱ्यात टाका. बाकीचं जाणकार सांगतील.

जर्सीगाय | शुक्रवार, रात्री ११:५५

दादा, घाबरू नका. (आमच्याकडे दुपार आहे, ऑफिसातून चोरून लिहितेय.) दोन वर्षांपूर्वी माझी जिभेच्या कडेची झाली होती. मलाही तिसऱ्या दिवशी अगदी असाच थर. फरक एवढाच की मला घरी जाताना छापील कागद दिला होता आणि त्यावर ठळक ओळ होती: 'पांढरा-पिवळा थर दिसेल, तो पू नव्हे.' ती ओळ नसती तर मी इमर्जन्सीत जाऊन बसले असते आणि मग बिल बघून खरोखर आजारी पडले असते.

जिभेची जास्त छळते हो. जीभ क्षणभर स्वस्थ बसत नाही. बोलताना, गिळताना, नुसतं थुंकी आवरतानासुद्धा टाका ओढतो. माझे टाके विरघळणारे होते, चौथ्या दिवशी एक सैल होऊन दोरा तोंडात आला. तो मी खाताना आलेला केस समजून ओढत होते! नशीब, वेळीच कळलं.

अक्कलदाढ | शनिवार, रात्री १२:२०

मी दंतवैद्य, शिक्षण ओरल पॅथॉलॉजीचं, म्हणजे तुमचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा ज्या टेबलावर येतो त्या टेबलाच्या पलीकडची. तुमची जखम पाहिलेली नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

तोंडातल्या जखमेला बाहेरच्यासारखी कोरडी खपली धरत नाही, कारण तिथे कायम लाळ. खपलीच्या जागी फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, ओला थर बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसतो, पांढरा किंवा पिवळट, क्वचित माउथवॉशमुळे करडा. ही तोंडातली खपलीच. हिच्याखाली नवी त्वचा कडेकडेने सरकत येते आणि साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत जागा झाकली जाते. थर आपोआप जातो. तुम्ही खरवडलात तेव्हा रक्त आलं ते म्हणूनच, खपली उपटली की येणारच.

पू ओळखायचा तर तो वाहतो, दाबलं की बाहेर येतो, घाण वास आणि चव असते आणि मुख्य म्हणजे दुखणं दिवसागणिक वाढतं. तुमचं तर उतरतंय. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. तिसऱ्या दिवसानंतर उलट वाढू लागली, ताप आला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, किंवा स्वच्छ गॉज घडी करून वीस-तीस मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबलं नाही, तर मात्र सकाळची वाट बघू नका. सलग म्हणजे सलग. दर दोन मिनिटांनी उचलून 'थांबलं का' बघायचं नाही, सगळे तेच करतात.

आत्ता काढलेलं रक्त थांबलंय ना? मग झोपा. उशी एक जास्त घ्या.

रंकाळावारा | शनिवार, रात्री १२:३१

थांबलंय. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणते 'तोंडातली खपली' एवढे दोनच शब्द चिठ्ठीवर लिहिले असते तर काय बिघडलं असतं. झोपतो. उपकार झाले.

गावठी हकीम | शनिवार, सकाळी ७:१०

हळद आणि तूप कालवून लावा, दोन दिवसांत जखम भरते. ठणका असेल तर लवंगेच्या तेलाचा बोळा. आमच्या आजोबांनी आयुष्यभर हेच केलं. आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका, अशा गोष्टीला लोखंड लावायचंच नसतं. आमच्या गावात एकाच्या गालाला छोटीशी गाठ होती, तुकडा काढला आणि सहा महिन्यांत पसरलं. बघितलंय डोळ्यांनी.

सदाशिवकर | शनिवार, सकाळी ७:४२

आला! 'लोखंड लागलं की पसरतं' हा प्रतिसाद येईपर्यंत आरोग्याचा धागा पूर्ण होत नाही.

अक्कलदाढ | शनिवार, सकाळी ९:०५

हकीमदादा, रागावत नाही, पण हे उत्तर नीट द्यायलाच हवं, कारण या एका वाक्यापायी माणसं सहा-सहा महिने घरी बसतात.

तुमच्या गावातल्या त्या माणसाची गाठ बायोप्सीच्या आधीही वाढतच होती, म्हणूनच तो दवाखान्यात गेला. पुढेही वाढली. मधे बायोप्सी झाली म्हणून दोष तिच्या कपाळी. बायोप्सीमुळे रोग पसरून माणूस लवकर जातो असं सिद्ध झालेलं नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जा नाहीतर जगात कुठेही जा, रिपोर्ट हातात आल्याशिवाय तोंडाच्या कर्करोगाचा उपचार सुरू होत नाही. बघून अंदाज येतो, खात्री होत नाही. तोंडातला व्रण किंवा चट्टा कारण दूर करूनही दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर तुकडा तपासायचा, हा साधा नियम आहे. धागाकर्त्यांच्या डॉक्टरांनी तो तंतोतंत पाळलाय.

लवंगेचं तेल उघड्या जखमेवर नको. दाताच्या पोकळीत बोळा ठेवणं वेगळं आणि कापलेल्या गालावर वेगळं. भाजतं, पांढरी साल निघते. ठणका आहे म्हणून डोकेदुखीची गोळी गालात धरणारे पण दर महिन्याला एक तरी येतात, तेही भाजूनच. गोळी पोटात घ्यायची असते. साधी पॅरासिटामॉल पुरते बहुतेकांना. हळद भाजीत घाला, जखमेवर तिची पूड टाक्यांत अडकते आणि मग मला ते पिवळं पू आहे की हळद हे ओळखत बसावं लागतं.

निमूट | शनिवार, सकाळी ९:३०

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय? वडिलांना पुढच्या आठवड्यात टाळूची बायोप्सी सांगितली आहे, अँजिओप्लास्टी झालेली, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. शेजारी म्हणतात पाच दिवस आधीच बंद करा.

अक्कलदाढ | शनिवार, सकाळी ९:३८

शेजाऱ्यांना सांगा, नाही! स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. तोंडातलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं, हृदयाच्या नसेत बसवलेली जाळी (स्टेंट) बंद पडली तर ती दाबून उघडता येत नाही. बायोप्सी करणाऱ्याला गोळ्यांची पाकिटंच दाखवा, नावं सांगताना चुका होतात. तो गरज वाटली तर हृदयवाल्या डॉक्टरांशी बोलेल. बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच करतात.

नाचणीसत्व | शनिवार, सकाळी ११:१५

'मऊ आहार' म्हणे! पुरुषमाणसाला एवढं लिहून दिलं की तो तीन दिवस बिस्किटं चहात बुडवून खातो. ऐका.

नाचणीचं सत्व, ताकातलं, कोमट नाही तर गार. मऊ भात, वरण, वर तूप, मीठ बेताचंच. दूधभात. केळं चमच्याने. दह्यात कालवलेला गुरगुट्या भात. साबुदाण्याची पातळ खीर. पिकलेला पपई. अंडं खात असाल तर अर्धकच्चं नको, नीट शिजवून मग कुस्करून. खायचं दुसऱ्या बाजूने. पोहे, शेंगदाणे, तीळ, राजगिरा, कुरमुरे, भाकरीचा कडक पापुद्रा यातलं काहीही नको, सगळं टाक्यांत जाऊन बसतं. टोमॅटो, लिंबू, चिंच, कोकम बंद. आमच्या रत्नागिरीत कोकम बंद म्हणजे जेवणच बंद, पण माझ्या जावेला आठ दिवस बिनसोलाचं जेवू घातलं मी.

आणि स्ट्रॉ घालून शहाळं पिऊ नका पहिले दोन दिवस. ओढल्याने रक्ताची गुठळी सुटते. वाटीत ओतून प्या.

रंकाळावारा | रविवार, दुपारी १:२०

पाचवा दिवस. काकू, गुरगुट्या भात चालू केला, जगलो. सूज गेली. थर आहे पण कडेनं गुलाबी दिसायला लागलंय. आज नवीन तक्रार: टाक्यांची टोकं. केसांसारखी ताठ झालीत आणि बोललो की हिरडीला टोचतात. शिफ्टला गेल्यावर मशीनच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं, त्यामुळं जास्तच. कापू का बारीक कात्रीनं?

शिवाय माउथवॉशनं जीभ तपकिरी झाली आहे आणि चहाला चवच नाही. मीठ घालून प्यायल्यासारखा लागतो.

अक्कलदाढ | रविवार, दुपारी २:००

कात्री ठेवा. गाठ सुटली तर सगळंच सुटेल. फार टोचत असेल तर दवाखान्यात जाऊन टोकं कापून घ्या, दोन मिनिटांचं काम. रेशीम लाळ शोषतं आणि त्यावर घाणही धरते, पण गाठ पक्की बसते म्हणून अजून वापरतात. सात दिवसांच्या आसपास काढतात.

तपकिरी रंग आणि चव जाणं हा माउथवॉशमधल्या क्लोरहेक्सिडीनचा नेहमीचा प्रताप. बंद केल्यावर चव परत येते, दातांवरचे डाग साफ करून निघतात. वापरताना दोन गोष्टी: पेस्टने ब्रश केल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधल्या फेसाने त्याचा असर कमी होतो. आणि त्यावर लगेच चहा नको, डाग चहानेच जास्त बसतात. मधल्या वेळेत ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, हलकेच फिरवायचं आणि तोंड उघडून पडू द्यायचं. खळखळून चूळ भरण्याची आपली सवय इथे नको.

कोरडी विहीर | रविवार, रात्री ८:४५

माझीही भर घालते. माझी खालच्या ओठाची आतून झाली होती, चट्टा वगैरे काही नव्हता. डोळे आणि तोंड कायम कोरडं, रक्ताच्या तपासण्या अर्धवट उत्तर देत होत्या, म्हणून श्योग्रेन (लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुकवणारा आजार) आहे का बघायला ओठातल्या छोट्या लाळग्रंथी काढल्या. साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या, चार-पाच. छेद जेमतेम दीड सेंटीमीटर.

जखम दहा दिवसांत भरली. पण ओठाचा एक तुकडा, शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा, बधिर राहिला. चहाचा कप टेकला की एका ठिकाणी कप गायब! चार महिने. आधी सांगितलं होतं की बारीक नस दुखावू शकते, पण सही करताना कोण लक्ष देतं. आता आलीय संवेदना, मुंग्या येत येत आली. ज्यांना ओठाची सांगितली आहे त्यांनी हे धरूनच चालावं. आणि कोरड्या तोंडात जखम भरायला वेळ लागतो, लाळ हेच खरं औषध असतं हे लाळ गेल्यावर कळलं.

जर्सीगाय | रविवार, रात्री ९:१०

'कप गायब' वाचून मोठ्याने हसले आणि मग वाईट वाटलं. काळजी घे गं.

तिसरी घंटा | रविवार, रात्री १०:३०

आईचा अनुभव. तोंडभर फोड, फुटून सोलल्यासारखं. पहिल्या ठिकाणी फोडाचाच तुकडा काढला आणि रिपोर्ट आला 'अल्सर'. ते तर आम्हालाही दिसत होतं! दुसऱ्या ठिकाणी पुन्हा बायोप्सी. यावेळी फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या जागेचा तुकडा आणि दोन बाटल्या. एक नेहमीची फॉर्मलिनची, दुसरी वेगळ्या द्रावणाची. दुसरी बाटली मी स्वतः रिक्षातून लॅबला पोचवली, मांडीवर धरून. पेम्फिगस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटून फोड आणते तो आजार. औषध सुरू झालं. आईला दुसऱ्यांदा सोसावं लागलं याचा राग अजून आहे. असं का होतं?

अक्कलदाढ | रविवार, रात्री ११:०२

फोड फुटलेल्या जागी वरची त्वचाच नसते, आणि रोगाची खूण त्या त्वचेत. मग आम्हाला सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर नुसता व्रण दिसतो, आम्ही व्रणच लिहितो. दुसरी बाटली इम्युनोफ्लुरोसन्ससाठी. त्यात प्रतिपिंडं चमकवून बघतात आणि फॉर्मलिनमध्ये तुकडा बुडला की ती तपासणी बाद. म्हणून वेगळं द्रावण. जागा कुठली निवडायची हे काढणाऱ्याच्या हातात असतं आणि सुरीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं. तुमचा राग रास्त आहे.

धागाकर्ते, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तोंड पूर्ण उघडून स्वतःची अंगठ्याशेजारची तीन बोटं उभी आत जातात का? आणि 'व्यसन नाही' म्हणजे तंबाखू नाही, की सुपारीपण नाही?

रंकाळावारा | मंगळवार, रात्री ९:१५

टाके काढले आज. काढताना मुंगी चावल्यासारखं, बस्स. रिपोर्ट गुरुवारी.

बोटांचं आता. दोन जातात, तिसरं अडतं. विश्वास बसेना म्हणून कारखान्यातून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणला, डेटॉलनं पुसला आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर घेतलं. ३१.४ मिलिमीटर. पोरानं ३१.२ वाचलं. पोराचं स्वतःचं ४८ भरलं. बायकोनं तोंड उघडून दाखवायला नकार दिला, म्हणाली तुमच्या मशीनचं तेल माझ्या तोंडात नको.

सुपारी. आता कसं सांगायचं. तंबाखू कधी नाही, गुटखा कधी नाही, मित्र २०१२ च्या बंदीनंतरही चोरून खायचे तेव्हाही नाही. पण भाजकी सुपारी... जेवण झालं की, चहा झाला की, नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून. खिशात पुडी असते. डाव्या गालातच धरतो. वीस वर्षं झाली असतील. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही 'काही नाही' म्हणालो, कारण माझ्या डोक्यात ते व्यसनात येतच नव्हतं. आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला पहिलं तबकच पुढं करतात.

सदाशिवकर | मंगळवार, रात्री ९:४०

व्हर्नियर!! मराठी माणसाच्या तोंडाचं मोजमाप दशांशात झाल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. (हलके घ्या. आणि प्रामाणिकपणे लिहिलंत त्याला खरंच सलाम.)

अक्कलदाढ | मंगळवार, रात्री १०:२५

तुमच्यासारखं उत्तर देणारे दहातले निम्मे तरी असतील माझ्या खुर्चीवर, त्यामुळे ओशाळू नका. पण हे उद्याच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. रिपोर्ट लिहिणाऱ्याला ही माहिती लागते.

माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटरच्या पुढे उघडतं. तुमचं कमी भरतंय त्यातलं थोडं जखमेच्या आखडलेपणामुळे असेल, ते जाईल. उरलेलं सुपारीचं असू शकतं. सुपारीतले घटक गालाच्या कातडीखाली तंतू साठवत जातात, गाल आतून ताठ, दोऱ्या ओढल्यासारखा. तिखट न सोसणं ही त्याची पहिली खूण, आणि ती तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिली होतीत. सबम्युकस फायब्रोसिस हे नाव भारतातूनच गेलं, १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी लिहिलं. त्याच्या वर्षभर आधी श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये असंच वर्णन केलं होतं. सुपारी समुद्र ओलांडून गेली, पाठोपाठ हेही गेलं. आणि तंबाखू नसली तरी नुसती सुपारी कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. आपल्याकडे ती पूजेत, लग्नात, तबकात, म्हणून कुणाला सांगवत नाही.

गावठी हकीम | मंगळवार, रात्री १०:५०

सुपारी पाचक असते हे मात्र आयुर्वेदात आहे.

नाचणीसत्व | मंगळवार, रात्री १०:५३

हकीम, झोपा आता.

रंकाळावारा | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

रिपोर्ट आला. जसाच्या तसा: 'हायपरकेरॅटोसिस विथ माइल्ड एपिथेलियल डिस्प्लेझिया. फीचर्स सजेस्टिव्ह ऑफ ओरल सबम्युकस फायब्रोसिस. नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी.' शेवटची ओळ आधी वाचली आणि दवाखान्याच्या जिन्यातच बसलो. मग वरच्या ओळी वाचल्या आणि परत उठावंसं वाटेना.

डॉक्टर म्हणाले, कर्करोग नाही, पण वरचा थर जाड झालाय आणि पेशी बिघडायला लागल्यात, सौम्य. सुपारी आजपासून बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, चट्टा बदलला तर परत तुकडा. मी विचारलं, परत? म्हणाले, परत. आणि मला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. जखमेचं म्हणाल तर थर पूर्ण गेलाय. जीभ फिरवली की तिथं बारीक गाठ लागते, तांदळाएवढी.

अक्कलदाढ | गुरुवार, रात्री ९:००

ती गाठ व्रणाची, भरताना ऊती घट्ट होते, काही आठवड्यांत मऊ पडते. सारखी जीभ लावू नका, जीभ भिंग लावून बघते.

रिपोर्टबरोबर तुकड्याचे काप लावलेल्या काचा आणि तुकडा ज्यात बसवलाय तो मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, मागून ठेवा किंवा लॅबमध्ये किती वर्षं ठेवतात ते विचारा. उद्या दुसरं मत घ्यायचं झालं तर त्याच ब्लॉकमधून नवीन काप घेता येतात, गालाला परत हात लावावा लागत नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम विचारलात का? आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, आठवड्याला एखादी वाढवायची. पण डॉक्टरांनी जखम पाहून हो म्हटल्यावरच.

कोरडी विहीर | गुरुवार, रात्री ९:२०

जिन्यात बसलात ते वाचून पोटात कालवलं. घरचं कुणी होतं ना सोबत?

रंकाळावारा | गुरुवार, रात्री ९:४५

बायको होती. तिनं खिशातली पुडी तिथंच काढून घेतली. काही बोलली नाही, तेच अवघड गेलं.

रंकाळावारा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ८:०५

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ३४.६. पोरानं मोजलं, अकरा काड्या बसतात. सुपारी नाही. पहिले आठ दिवस नाइट शिफ्टला हात आपोआप खिशात जायचा, आता तिथं बडीशेप असते, बिनसुपारीची, घरी भाजलेली. तिखट अजून चुरचुरतं, पांढऱ्या रश्श्यावर दिवस काढतोय. काल आईनं पाहुण्यांसाठी तबक काढलं, अडकित्ता माझ्या हातात दिला, सवयीनं. मी पाहुण्यांच्या पोराला दिला, तो त्यानं शेंगा फोडायला घेतला.

नवी सभासद ७७ | आज, रात्री १०:१०

सगळा धागा वाचून काढला. माझी उद्या सकाळी दहाला आहे, उजव्या गालाची. उपाशी जायचं का? कुणी सांगितलंच नाही आणि आता फोन लागत नाही.

अक्कलदाढ | आज, रात्री १०:१८

तोंडात सुई देऊन बधिर करणार असतील तर उपाशी नको, पोटभर जेवून जा, कारण नंतर दोन-तीन तास बधिरपणा राहील आणि खाता येणार नाही. पूर्ण भूल देणार असतील तरच उपाशी, पण मग त्यांनी आधी तपासण्या सांगितल्या असत्या. गोळ्यांची पाकिटं न्या. लिपस्टिक नको, ओठांचा रंग बघावा लागतो. सोबत कुणाला तरी घेऊन जा.

रंकाळावारा | आज, रात्री १०:२१

आणि तिसऱ्या दिवशी आरशात बघू नका. बघितलंत तर काडी हातात घेऊ नका.

नाचणीसत्व | आज, रात्री १०:२४

सकाळी दूधभात खाऊन जा गं. आणि आल्यावर काय खाल्लंस ते इथे लिही.